देव आणि लेकरे



गणेशोत्सवाचा अंक तुमच्या हाती देताना गोव्यातल्या एका रीतीची आठवण करून द्यावीशी वाटते. तिथल्या काही घरांत आजही चतुर्थीला मातीची मूर्ती आणत नाहीत. कागदावर रेखलेल्या गणपतीची पूजा होते. पोर्तुगीज अमलात घरात मूर्ती सापडली की संकट ओढवे. कागद मात्र घडी घालून कुठेही दडवता येई, म्हणून ही रीत पडली, असे जाणती माणसे सांगतात. आपण इथे, आपल्या शहरात, सभागृह भाड्याने घेऊन ढोल-ताशांच्या गजरात बाप्पा आणतो. आपल्यापैकी कित्येकांचे कुलदैवत मंगेश, शांतादुर्गा किंवा म्हाळसा आहे. ते आपल्यापर्यंत कसे टिकून आले, हे आपल्या मुलांनी ऐकले पाहिजे.

1559 साली पोर्तुगालच्या राजसत्तेने गोव्यासाठी हुकूम काढला, की हिंदूंची अनाथ मुले पाद्र्यांच्या ताब्यात द्यावीत आणि त्यांना बाप्तिस्मा द्यावा. पुढे या हुकमाचा अर्थ असा ताणला गेला, की बाप वारला आणि आई जिवंत असली तरी मूल अनाथच. नवऱ्याचे दिवस घालायच्या आतच त्या बाईला लेकरू कुठे लपवू ही चिंता. नातेवाइकांनी मूल दडवले तर त्यांनाही शिक्षा. 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करून शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय, आले आणि त्याच दशकात सासष्टी व बारदेशातली देवळे पाडली गेली. अभ्यासक अ. का. प्रियोळकरांनी हा सारा इतिहास मूळ कागदपत्रांच्या आधारे लिहून ठेवला आहे.

स्वतःच्या जिवावर बेतले तर माणूस छाती काढून उभा राहूही शकतो. पोटच्या पोराला हात लागणार म्हटल्यावर भल्याभल्यांचे पाय लटपटतात. हुकूम काढणाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते.

ज्यांना जमले ते लेकरे आणि देव घेऊन निघाले. मंगेशाचे लिंग कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, जुवारी नदीपार प्रियोळला गेले. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. ही तिन्ही ठिकाणे ज्या अंत्रुज महालात येतात, तो तेव्हा आदिलशाहीत होता. हिंदू देवांना आणि हिंदू लेकरांना मुसलमान सुलतानाच्या मुलखात आसरा मिळाला, हेही विसरायचे नाही. आज मंगेशीच्या दीपस्तंभापुढे उभे राहून आपण भराभर फोटो काढतो. त्या अंगणात पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्यांनी शेते, माड, घर, सारे नदीपलीकडे सोडले होते.

आणि जे राहिले? कुणाचे आईवडील अंथरुणाला खिळलेले, कुणाची पिढीजात जमीन, कुणाला होडी गाठायला सवडच मिळाली नाही. एक भाऊ देव घेऊन गेला आणि दुसरा बाप्तिस्मा घेऊन घर राखत राहिला, अशा हकिकती गोव्यात अनेक घराण्यांत सांगतात. त्या दुसऱ्या भावाला भ्याड म्हणण्याचा अधिकार मला नाही आणि तो कुणी घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. त्याने मूल मांडीवरून जाऊ दिले नाही. त्याची नातवंडे-पतवंडे मग नव्या देवाला तितक्याच खऱ्या मनाने भजू लागली आणि ती श्रद्धाही आपल्या आदराला पात्र आहे.

गोव्यातल्या कुंकळ्ळीत हे सगळे एका ठिकाणी दिसते. जुलै 1583 मध्ये चर्चसाठी जागा पाहायला आलेल्या पाच जेझुइटांना आणि त्यांच्याबरोबरच्या ख्रिस्ती माणसांना गावकऱ्यांनी ठार केले. तेही आपल्या श्रद्धेपायीच गेले. मग पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करायला असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि दगा देऊन मारले. त्याच कुंकळ्ळीत आज फाल्गुनात शांतादुर्गेसाठी बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, बारा छत्र्या गुलालात न्हात निघतात आणि त्या मिरवणुकीत हिंदूंबरोबर ख्रिस्तीही चालतात. धर्म बदलला, पण वांगड तुटला नाही.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. आपल्या कुलदैवताच्या स्थलांतराची घरात सांगितली जाणारी हकिकत लिहून पाठवा. पुढच्या अंकांतून ती छापू. आणि यंदा आरतीला आपल्या शहरातल्या गोवेकर ख्रिस्ती कुटुंबांना आवर्जून बोलवा. मुलांना हा इतिहास सांगताना त्यातला जुलूम झाकू नका आणि आजच्या कुणाच्या माथी तो मारूही नका.

शेवटी एवढेच. लेकरांना वेठीला धरून कुणाच्या श्रद्धेवर घाला घालणे हे पाप आहे, मग ते कोणत्याही देवाच्या नावाने होवो. या शहरात आजही जीव मुठीत धरून, मुलांना पोटाशी घेऊन आलेली कुटुंबे आहेत. त्यांचा धर्म कोणता हे न विचारता त्यांच्या पाठीशी उभे राहणे, हे मंगेशाच्या आणि शांतादुर्गेच्या लेकरांचे कर्तव्यच आहे.

गणपती बाप्पा मोरया!

आपला,
संपादक