वासराला चीक मिळतो, लेकराला का नाही?

गाय व्याली की घरातला सालगडीसुद्धा सांगतो, वासराला आधी चीक पाजा. जार पडायची वाट पाहू नका, हे पशुवैद्यकांनी सांगितले नि शेतकऱ्यांनी ते ऐकलेही. चीक वेळेवर पोटात गेला नाही तर वासरू हगवणीने जाते, हे आता कुणाला शिकवावे लागत नाही. पण त्याच घरात सून बाळंत झाली की तिचा पिवळा, दाट चीक ‘नासका’ म्हणून पिळून टाकायचा नि लेकराच्या जिभेवर मध नाहीतर साखरेचे पाणी घालायचे, हे कितीतरी घरांत अजून चालते. हा न्याय कुठला?

कुणी म्हणेल, आता बाळंतपणे दवाखान्यात होतात, तो जमाना गेला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात शंभरातली जवळपास ९५ बाळंतपणे दवाखान्यातच झाली, हे खरे. पण त्याच पाहणीत जन्मल्यावर तासाभरात आईचे दूध मिळालेली लेकरे निम्म्याहून थोडीच जास्त निघाली. बाळंतीण दवाखान्यात पोचली, पण तिला दूध पाजायला शिकवणारे माणूस अजून पोचलेले नाही.

‘दूधच येत नाही’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. पहिल्या दोन-तीन दिवसांत चीक थोडाच येतो, कारण लेकराचे पोटही तेवढेच असते. खरी अडचण बहुधा धरण्यात असते. लेकराने नुसते बोंड तोंडात धरले तर आईला चिरा पडतात, लेकरू उपाशी राहते नि दूध साचून गाठ होते. तोंड मोठे उघडून भोवतीचा काळा भागही आत घेतला, हनुवटी स्तनाला टेकली, खालचा ओठ बाहेर वळला, की पाजणे साधले समजा. हे शेजारी बसून, हात धरून दाखवावे लागते. आयआयटी मुंबईच्या ‘हेल्थ स्पोकन ट्युटोरियल’मध्ये डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली याच्या चित्रफिती झाल्या आहेत, मराठीतही आहेत. मोबाईल घरोघरी आहे, मग त्या पाहायला काय हरकत आहे?

म्हशीला दगडी झाली तर आपण रात्री डॉक्टरला उठवतो. सुनेच्या छातीत गाठ होऊन तिला ताप भरला तर मात्र ‘सहन कर, सगळ्यांना होतं’ म्हणतो. अहो, तीही दवाखान्याचीच बाब आहे. बहुतेक वेळा औषध घेता घेता पाजणे चालूच ठेवायचे असते. बंद केले तर गाठ वाढते.

गाठीला औषध नाही मिळाले तरी पावडरचा डबा मात्र लगेच मिळतो. काही आजारांत डॉक्टर तो सांगतात, त्याबद्दल वाद नाही. पण डबा पुरवावा म्हणून पावडर कमी नि पाणी जास्त, त्यात बाटली धड उकळलेली नाही, अशाने लेकरू जुलाबाने खंगते. अर्भकांच्या दूधपावडरची जाहिरात करायला, फुकट नमुने वाटायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. हा कायदा दवाखान्यांना नि दुकानदारांना ठाऊक असतो, आता सरपंचांनाही ठाऊक असावा.

ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले, त्यांत १६ लेकरे होती. कारणे वेगवेगळी होती, ती सगळी दुधाच्या माथी मारायची नाहीत. पण धर्माबादचे लेकरू अत्यवस्थ होऊन सत्तर-ऐंशी किलोमीटरवर नेण्यापेक्षा, ते वाळायला लागले हे गावातच चौथ्या दिवशी कळलेले बरे.

ते कळायची सोय कागदावर आहेच. दवाखान्यात बाळंतपण झाले तरी आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या नि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचे असते. वजन काट्यावर पाहायचे असते. पहिल्या दिवसांत उतरलेले वजन दोन आठवड्यांत भरून यावे, पुढे रोज २५-३० ग्रॅम वाढावे. पाच दिवसांनंतर दिवसरात्रीत सहा वेळा तरी लघवी व्हावी. लेकरू अडीच किलोच्या आत असेल किंवा ओढत नसेल तर दूध पिळून वाटी-चमच्याने पाजावे नि डॉक्टरांना दाखवावे. अंग गार पडले, ताप आला, तळवे पिवळे झाले, तर त्याच दिवशी १०२ ला फोन करा.

म्हणून मागणे मोठे नाही. धर्माबादच्या ग्रामीण रुग्णालयात नि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दूध पाजण्याचे शिक्षण घेतलेली एक सिस्टर नेमून द्यावी. लेकरू नीट ओढते हे तिने पाहिल्याशिवाय नि वजन लिहिल्याशिवाय सुट्टी देऊ नये. बासर-मुधोळकडून आलेल्या कितीतरी सुना घरात तेलुगू बोलतात, त्यांना त्यांच्या भाषेत सांगावे. ग्रामसभेत पाण्याच्या टाकीबरोबर एवढेही विचारा : या महिन्यात गावात किती लेकरे जन्मली, आशाताई किती घरी गेल्या, किती लेकरांचे वजन वाढले नाही? ताईंचा काटा बिघडला असेल तर ग्राम आरोग्य समितीच्या निधीतून नवा घ्या.

उरले घरचे. मिरचीचा तोडा असो की कापसाची वेचणी, बाळंतिणीला लवकर रानात काढू नका. सासूबाईंनी घुटी नि मधाची वाटी बाजूला ठेवावी. सहा महिने लेकराला पाणीसुद्धा लागत नाही, मराठवाड्याच्या उन्हाळ्यातही नाही. नवऱ्याने निदान तिच्यासमोर भाकरी नि पाण्याचा तांब्या आणून ठेवावा. एवढे केले तर घरात डबा आणायची पाळी सहसा येणार नाही.