विश्लेषण : दोन लाख किलोमीटर धावलेल्या गाडीत सिंथेटिक ऑइल टाकावे का?

गॅरेजवाला म्हणतो, गाडी गळायला लागेल. दुकानदार म्हणतो, इंजिन नव्यासारखे होईल. प्रत्यक्षात निर्णय ठरतो तो इंजिनाच्या अवस्थेवर आणि डब्यावरच्या दोन आकड्यांवर.

हिंगोली जिल्ह्यात गाडी ही हौसेपेक्षा पोटापाण्याची वस्तू अधिक आहे. औंढा नागनाथच्या दर्शनाला भाविक नेणारी बोलेरो, वसमतच्या बाजारात हळदीचे नमुने घेऊन जाणारी टवेरा, रात्री-अपरात्री रुग्णाला नांदेडला पोहोचवणारी डिझेल स्विफ्ट. अशा गाड्यांच्या मीटरवर दोन-अडीच लाख किलोमीटर सहज दिसतात. त्यातल्या अनेक पुण्या-मुंबईकडे वापरून झाल्यावर इकडे आलेल्या असतात, म्हणजे मीटरवरचा आकडा कितपत खरा हाही प्रश्नच. अशा गाडीत आतापर्यंत साधे, म्हणजे मिनरल ऑइल पडत आले. आता कुणीतरी ‘सिंथेटिक टाक, इंजिनाचे आयुष्य वाढेल’ असा सल्ला देतो आणि मालकाची पंचाईत होते. डबा दुप्पट महाग. चुकीचा निर्णय झाला आणि इंजिन बसले, तर हाफ इंजिनचे काम निघते, गाडी दोन-तीन आठवडे दारात उभी राहते आणि बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही.

सिंथेटिक म्हणजे नेमके काय?

इंजिन ऑइलचा मोठा भाग असतो मूळ तेलाचा, उरलेला रासायनिक पूरकांचा. मूळ तेलाचे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने पाच गट पाडले आहेत. पहिल्या दोन गटांतील तेल कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणातून मिळते, ते मिनरल. चौथ्या गटातले तेल रसायनांपासून रेणू जोडून बनवलेले असते. घोळ आहे तो तिसऱ्या गटात. हे तेलही कच्च्या तेलापासूनच निघते, पण हायड्रोजनच्या साहाय्याने त्याची इतकी खोल प्रक्रिया होते की त्याचे गुण चौथ्या गटाच्या जवळ जातात. त्याला सिंथेटिक म्हणायचे का, यावर अमेरिकेत दोन मोठ्या कंपन्यांचे भांडण झाले. १९९९मध्ये तिथल्या जाहिरातविषयक तंटे सोडवणाऱ्या संस्थेने ‘म्हणता येईल’ असा कौल दिला. त्यानंतर बाजारात ‘फुल सिंथेटिक’ लिहून येणारे बरेचसे तेल तिसऱ्या गटातले असते. ते वाईट नाही, पण नुसता ‘सिंथेटिक’ हा शब्द पाहून दुप्पट पैसे मोजणे शहाणपणाचे नाही. डब्यावर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला दर्जा आहे का, हे आधी पाहावे.

गुणांतला फरक मात्र खरा आहे. मिनरल तेलातले रेणू लहान-मोठे, वेडेवाकडे असतात. उष्णतेत त्यातले हलके रेणू आधी उडून जातात, उरलेले तेल हवेशी संयोग होऊन घट्ट होते आणि त्याचा काळा गाळ बसतो. सिंथेटिकमधले रेणू बऱ्यापैकी एकसारखे असल्याने ते जास्त काळ टिकते. टर्बो असलेल्या डिझेल इंजिनात हे महत्त्वाचे. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे मारू शकतो आणि त्याला आधार फक्त तेलाच्या पातळ थराचा असतो. एप्रिल-मेच्या चाळिशीपार उन्हात, एसी लावून, नऊ-दहा माणसे बसवून हिंगोलीहून नांदेड गाठायचे आणि पोहोचताच चावी फिरवून इंजिन बंद करायचे, हा टर्बोमधले तेल करपवण्याचा हमखास मार्ग. तिथे सिंथेटिकचा पैसा वसूल होतो.

गळतीची भीती कुठून आली?

‘सिंथेटिक टाकले आणि गाडी गळू लागली’ हा अनुभव गॅरेजमध्ये अनेकांनी घेतलेला आहे, त्याला अंधश्रद्धा म्हणून उडवून लावणे योग्य नाही. सत्तरच्या दशकात अमेरिकेत मोटारींसाठी सिंथेटिक ऑइल आले, तेव्हा सुरुवातीच्या काही तेलांत रबरी सील आवश्यक तेवढे फुगलेले राहत नसत आणि गळती होत असे. पुढे पूरके बदलली आणि तो दोष गेला. आजचे प्रमाणित सिंथेटिक ऑइल चांगले सील खराब करत नाही.

मग गळती दिसते का? एक कारण गाळ. जुन्या गाडीत क्रँकचे सील कडक होऊन त्याला बारीक तडे गेलेले असतात, पण तिथे बसलेल्या गाळाने तडा बुजवलेला असतो. नव्या तेलातली स्वच्छ करणारी पूरके तो गाळ हळूहळू सोडवतात आणि आधीपासूनची गळती उघडी पडते. दुसरे कारण गॅरेजमध्ये क्वचितच लक्षात घेतले जाते. तेल बदलताना बहुतेक वेळा एक नव्हे, दोन गोष्टी बदललेल्या असतात. आधी गाडीत असते दाट २०डब्ल्यू-५० मिनरल, नंतर पडते पातळ ५डब्ल्यू-३० सिंथेटिक. झिजलेल्या इंजिनात पातळ तेल रिंगांवरून वर चढते, सीलमधून झिरपते, ऑइलचा दाब उतरतो. दोष पातळपणाचा, नाव सिंथेटिकचे. गॅरेजवाल्याने पाहिलेले खरे असते. त्याने लावलेले कारण तेवढे चुकीचे.

डब्यावरचे दोन आकडे

म्हणून डब्यावरचा आकडा वाचता येणे हे ‘सिंथेटिक की मिनरल’ या वादापेक्षा जास्त गरजेचे आहे. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतला. १५डब्ल्यू तेलाची थंडीतली चाचणी उणे २० अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० अंशांना. हिंगोलीत थंडीच्या दिवसांतही पारा शून्याच्या बराच वर असतो, त्यामुळे केवळ या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. पहाटे गाडी सुरू करताना कमी आकड्याचे तेल वरच्या भागात थोडे लवकर पोहोचते, एवढाच फायदा.

दुसरा आकडा गरम इंजिनातला, आणि जुन्या गाडीच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा. १०० अंशांना ३० क्रमांकाचे तेल ४०पेक्षा पातळ असते, ४० हे ५०पेक्षा. तेव्हा १५डब्ल्यू-४० वरून सिंथेटिककडे जायचे तर ५डब्ल्यू-४० घ्यावे. ४० तसेच ठेवावे. पुस्तिकेत ३० सांगितले असेल आणि इंजिन निरोगी असेल तर ३० ठीक. पण ‘नवीन आहे, पातळ आहे, ॲव्हरेज वाढेल’ या सल्ल्यावर झिजलेल्या इंजिनात ०डब्ल्यू-२० ओतणे म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणे. ॲव्हरेजमधला फरक आपल्या खड्ड्यांच्या, थांबत-थांबत चालण्याच्या रस्त्यावर मोजताही येत नाही.

कुणी बदलावे, कुणी बदलू नये?

निर्णयाआधी एक हजार किलोमीटरचा साधा हिशेब ठेवावा. सकाळी, गाडी सपाट जागी असताना, ऑइलची पट्टी पुसून पातळी पाहावी आणि खूण लक्षात ठेवावी. हजार किलोमीटरनंतर तसेच पुन्हा पाहावे. पातळी जवळपास तीच असेल, सायलेन्सरमधून निळा धूर नसेल, खाली थेंब पडत नसतील आणि ऑइल ओतण्याचे झाकण उघडल्यावर आत डांबरासारखा थर नसेल, तर मीटरवर अडीच लाख असले तरी ते इंजिन सिंथेटिकला लायक आहे. त्यातही टर्बो डिझेल असेल आणि रोजचे रनिंग मोठे असेल तर बदलच करावा.

उलट, हजार किलोमीटरमागे लिटरभर ऑइल कमी होत असेल तर सिंथेटिक टाकणे म्हणजे महाग तेल जाळणे. तिथे दोष रिंगांचा, व्हॉल्व्ह सीलचा किंवा टर्बोचा आहे. तो तेलाने जाणार नाही. अशा गाडीला चांगल्या कंपनीचे १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० मिनरल वेळेवर बदलत राहणे हाच किफायतशीर मार्ग, आणि वाचलेले पैसे दुरुस्तीसाठी बाजूला काढावेत.

यात एक चुकीचा निकष फार प्रचलित आहे : तेल काळे पडले म्हणजे संपले. डिझेल गाडीत नवे ऑइल शंभर-दोनशे किलोमीटरमध्येच काळे दिसते, कारण ते काजळी धरून ठेवते. तेच त्याचे काम. काजळी तेलात तरंगत राहिली तर ती तेलाबरोबर बाहेर पडते. तरंगली नाही तर चेंबरच्या तळाशी बसते.

दर पाच हजाराला ऑइल बदलायचे, हा नियमही डिझेल घाणेरडे होते त्या काळातला आहे. गंधकाचे प्रमाण बीएस-३ डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भाग होते, बीएस-४मध्ये ५० आणि आता बीएस-६मध्ये १०. मराठवाड्यासारख्या भागात बीएस-४ डिझेल १ एप्रिल २०१७पर्यंत पूर्णपणे आलेले नव्हते. बीएस-६ आले १ एप्रिल २०२०ला. गंधकापासून तयार होणारे आम्ल घटले, त्यामुळे तेलाचे आयुष्य वाढले. वाढली नाही ती धुळीची सहनशक्ती. काळ्या मातीच्या शेतरस्त्यांवर एअर फिल्टर तुंबला किंवा त्याचे पॅकिंग सैल झाले, तर आत जाणारी धूळ रिंगा घासते. पाचशे रुपयांचा फिल्टर टाळून आठशे रुपये लिटरचे तेल टाकणारे मालक कमी नाहीत.

हिशेब

समजा इंजिनात चार लिटर ऑइल बसते, मिनरल ४०० रुपये लिटर, सिंथेटिक ८०० रुपये आणि फिल्टर ४०० रुपयांचा. मिनरलचा एक बदल २,००० रुपये. तो सात हजार किलोमीटरला केला तर किलोमीटरमागे २९ पैसे पडतात. सिंथेटिकचा बदल ३,६०० रुपये, दहा हजार किलोमीटरला केला तर ३६ पैसे. म्हणजे लाखभर किलोमीटरमागे सुमारे साडेसात हजार रुपये जास्त. एका टर्बोची किंमत याच्या काही पट असते. मिनरल पाच हजारालाच बदलणाऱ्यासाठी तर खर्च किलोमीटरमागे ४० पैसे होतो आणि सिंथेटिकच स्वस्त ठरते. टर्बो नसलेल्या, महिन्याला पाचशे किलोमीटर चालणाऱ्या घरच्या पेट्रोल गाडीला मात्र हा खर्च करण्याचे कारण नाही. तिचे ऑइल किलोमीटर कमी झाले तरी वर्षाला बदलावेच लागते.

बदलताना काय सांभाळावे?

इंजिन ‘धुऊन’ घेण्याचा आग्रह सोडावा. केरोसीन किंवा डिझेल ओतून इंजिन फिरवण्याची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. त्याने गाळाचे तुकडे एकदम सुटतात, चेंबरमधली ऑइल ओढणारी जाळी तुंबते आणि बेअरिंग कोरडे पडतात. त्यापेक्षा पहिले सिंथेटिक दोन-तीन हजार किलोमीटरलाच फिल्टरसह काढून टाकावे. खर्च वाटतो, पण गाळ थोडाथोडा बाहेर येतो. दुसऱ्या खेपेपासून नेहमीचे अंतर धरावे. मिनरल आणि सिंथेटिक एकमेकांत मिसळतात, त्यामुळे सेनगावच्या रस्त्यावर पातळी कमी दिसली आणि दुकानात फक्त मिनरल असले तर ते घालून पुढे जाण्यात धोका नाही. धोका कोरडे इंजिन पळवण्यात आहे. बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराचा फिल्टर असल्याने तिथे कमी राख सोडणारेच तेल लागते, तिथे तडजोड नको.

सुट्या डब्यातून मोजून दिले जाणारे ऑइल टाळावे. सील न तुटलेला डबा आपल्यासमोर उघडावा आणि रिकामा डबा झाकणासह कापून टाकावा, म्हणजे तो पुन्हा भरून विकला जाणार नाही. निघालेले जुने तेल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये. खेड्यात ते चौकटीला वाळवी लागू नये म्हणून फासतात, पण त्यातले जड धातू पाण्यात उतरतात, तेव्हा ते भंगारवाल्यामार्फत पुनर्वापरासाठी गेलेले बरे.

पहिल्या बदलाच्या वेळी जुना फिल्टर फेकू न देता मिस्त्रीकडून कापून घ्यावा आणि आतली कागदी घडी उन्हात धरून पाहावी. नुसती काळी काजळी असेल तर चिंता नाही. चमकणारे कण दिसले तर बेअरिंग झिजू लागले आहे. मग सिंथेटिकचा नवा डबा दुकानात परत करून आधी चेंबर उघडावा.