शहामृग म्हणजे हरीण नव्हे!



शिष्यवृत्तीच्या सरावात 'गटात न बसणारे पद ओळखा' हा प्रश्न घेताना मी मुलांना हमखास शहामृग देते. नावात 'मृग' आहे म्हणून दोन-तीन जण त्याला हरणाशेजारी बसवतातच. मग मी म्हणते, "बाळांनो, नाव नका बघू. आधी निकष ठरवा."

मागच्या पालकसभेनंतर एका पालकांनी मोबाईलवरचा मेसेज दाखवला. "मॅडम, हिटलरच्या पक्षाच्या नावातच 'समाजवादी' आहे. म्हणजे त्याचं आर्थिक धोरण समाजवादीच ना?" त्यांच्या दहावीतल्या मुलाला वादविवाद स्पर्धेत हेच मांडायचं होतं. समोरचा गट म्हणणार, भांडवलशाही! मला तर पुन्हा शहामृगच आठवलं.

हा वाद मोठ्यांनीही घातलाय. १९३५ मध्ये कम्युनिस्ट नेते दिमित्रोव्ह यांनी फॅसिझमला वित्त-भांडवलाची हुकूमशाही म्हटलं. १९४४ मध्ये अर्थतज्ज्ञ हायेक यांनी उलट मांडलं, की नाझीवाद समाजवादी विचारांच्याच वाटेने आला. आपण वर्गातल्यासारखे निकष लावून बघू.

पहिला निकष : मालकी कोणाची? मुसोलिनी १९२२ मध्ये सत्तेवर आला. सुरुवातीला त्याच्या सरकारने टेलिफोन सेवा खासगी कंपन्यांकडे दिली. पुढे मंदीत बँका अडचणीत आल्यावर १९३३ मध्ये 'इरी' ही सरकारी संस्था काढून बँकांकडचे कारखान्यांचे शेअर ताब्यात घेतले. जर्मनीतही तसंच. १९३६ मध्ये सरकारने एका बड्या पोलाद कंपनीतला हिस्सा विकला आणि १९३७ मध्ये स्वतःचा पोलाद उद्योग उभा केला. बहुतेक कारखाने खासगीच राहिले, पण धोरण सोयीनुसार फिरत राहिलं.

दुसरा निकष : निर्णय कोणाचा? नफा मालकाचा होता. पण १९३६ च्या चार वर्षांच्या योजनेनंतर जर्मनीत उत्पादनाची दिशा युद्धाच्या तयारीने ठरू लागली. ज्यूंची दुकानं-कारखाने तर हिसकावूनच घेतले. म्हणजे मालकी हक्क सरकारला चालतील त्यांच्यापुरतेच.

तिसरा निकष : 'नाही' कोण म्हणू शकत होतं? इटलीत १९२६ च्या कायद्याने संपावर बंदी आली. जर्मनीत २ मे १९३३ ला कामगार संघटनांची कार्यालयं ताब्यात घेतली गेली. १९३४ च्या कायद्याने कारखान्याचा मालक 'नेता' आणि कामगार त्याचे 'अनुयायी' ठरले.

पहिल्या दोन निकषांवर उत्तर डळमळतं, तिसऱ्यावर मात्र अजिबात नाही. म्हणून माझं मत असं : कामगाराचं तोंडच बंद केलेल्या व्यवस्थेला नावावरून समाजवादी म्हणणं चूक. सरकार लगाम धरून बसलेल्या बाजाराला मुक्त बाजार म्हणणंही चूक. खासगी मालकी ठेवून ती हुकूमशाहीच्या दावणीला बांधलेली, असं दोन ओळीत सांगावं लागतं. एका शब्दात ते मावत नाही.

त्या पालकांना मी एवढंच सांगितलं, की मुलाला जिंकण्यासाठी लेबल शोधू देऊ नका, निकष शोधू द्या. आज नावाला भुलणारं मूल उद्या मतदार होणार आहे. तेव्हाही कोणीतरी छान नाव घेऊन त्याच्या दारात येईलच. त्या वेळी 'आधी निकष' एवढं जरी आठवलं, तरी आपलं शिकवणं कामी आलं म्हणायचं.

तुमच्या वर्गात असा प्रश्न आला तर तुम्ही काय सांगाल? जरूर कळवा.