तीर्थ तेथे पाणी, पाणी तेथे हिशेब

चैत्र शुद्ध नवमीचा मध्यान्हसमय. घरोघरी पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो आणि नारदांच्या गादीवरून रामजन्माचे आख्यान रंगते. याच दिवसांत मुंबईकडून पायी निघालेल्या पालख्या आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील शिर्डीस पोहोचत असतात. भक्तीचा हा पूर पाहून कोणाचेही अंतःकरण उचंबळून यावे. तथापि या पुराबरोबर एक प्रश्नही वाहत येतो आणि तो आजच्या पवित्र दिवशी विचारणे आम्हास अनुचित वाटत नाही. ज्या गावात एवढा समुदाय उतरतो त्या गावाला पाणी कोण देतो, तेथील केर कोण काढतो आणि यात्रेच्या द्रव्यातून गावाच्या पदरात नेमके काय पडते?

‘तीर्थ’ हा शब्द ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे या धातूपासून आला. नदी पार करण्याची वाट, पाण्यात उतरण्याचा घाट हा त्याचा मूळ अर्थ. म्हणजे पाण्यावाचून तीर्थ ही कल्पनाच संभवत नाही. आपल्या धर्मशास्त्राने यज्ञादी कर्मांना ‘इष्ट’ म्हटले आणि विहीर, तलाव, बाग, देवालय व अन्नदान यांना ‘पूर्त’ म्हटले. देवालय आणि विहीर यांची गणना एकाच यादीत व्हावी, यात पूर्वजांची केवढी व्यवहारदृष्टी आहे!

शिर्डीच्या उत्सवाचा आरंभही हेच सांगतो. १८९७ मध्ये गोपाळराव गुंड यांच्या पुढाकाराने तेथे रामनवमीस उरूस भरू लागला. पुढे १९१२ मध्ये कृष्णराव जोगेश्वर भीष्म यांच्या प्रेरणेने त्यास रामजन्मोत्सवाचे व कीर्तनाचे रूप आले. त्या पहिल्या उरुसाची मोठी अडचण पाण्याची होती. गावात विहिरी दोनच. एक लवकर आटणारी, दुसरी खारी. बाबांनी फुले टाकून खारे पाणी गोड केले ही कथा साईसच्चरितात आहे आणि ती भाविकांना मुखोद्गत आहे. पण तेवढ्या पाण्याने भागेना, म्हणून दूरच्या विहिरीवर मोटा लावून पाणी आणावे लागले, हेही तोच ग्रंथ सांगतो. चमत्कारानंतरही मोट हाकावी लागली! कथेचा हा उत्तरार्ध आपण सहसा विसरतो.

तेव्हाचे खेडे आज देशाच्या नकाशावर ठळक झाले आहे. २००९ मध्ये साईनगर स्थानक झाले, २०१७ मध्ये काकडी येथे विमानतळ झाला, २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग खुला झाला आणि २०२३ मध्ये मुंबईहून वंदे भारत गाडी धावू लागली. ही सोय आनंदाचीच आहे. परंतु प्रवास जितका सुलभ, तितके मुक्काम न करता परतणेही सुलभ. अशा यात्रेकरूकडून खानावळीस व भक्तनिवासास मिळकत थोडी होते. पाणी, शौचालय, रस्ता व केर यांचा भार मात्र गावावर पुरताच पडतो. दानपेटीतील धन न्यासाचे, वस्तू व सेवा कर राज्याचा व केंद्राचा. नगरपरिषदेच्या वा ग्रामपंचायतीच्या हाती उरते ती मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी, परवान्याचे शुल्क आणि शासनाचे अनुदान.

यात्रेवरच सारा व्यापार टेकलेला असला म्हणजे काय होते, हे २०२० मध्ये दिसले. १७ मार्चला मंदिर बंद झाले ते १६ नोव्हेंबरला उघडले. आठ महिने हारवाला, पेढेवाला, रिक्षावाला हात बांधून बसले. मंदिर उघडल्यावरही फुले, हार व प्रसाद आत नेण्यास बंदी राहिली. २०२२ मध्ये फूलउत्पादक शेतकरी व विक्रेते त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. हारांच्या नावाखाली भाविकांची लूट होते ही तक्रार खोटी नव्हती. आणि भोवतालच्या शेतकऱ्याचा गुलाब शेतातच सुकतो ही व्यथाही खोटी नव्हती. अखेर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या अनुमतीने फुले पुन्हा आत जाऊ लागली आणि संस्थानच्या कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेमार्फत विक्रीची व्यवस्था झाली. बंदीने सुटला नाही तो तिढा व्यवस्थेने सुटू शकला, हा यातील बोध आहे.

शिर्डीस निदान समर्थ संस्थानाचा आधार आहे. पाथर्डी तालुक्यातील मढी किंवा मोहटे, कर्जत तालुक्यातील भीमातीरीचे सिद्धटेक, अशा लहान गावांनी काय करावे? ग्रामपंचायतीच्या १९५८ च्या अधिनियमात यात्राकराची व जत्रा-उत्सवांवरील कराची तरतूद आहे. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्यान्वये शहरांत विक्रेत्यांची नोंद व जागा ठरवावयाची असते. पण कराच्या पावतीमागे सेवा दिसली नाही तर यात्रेकरूस तो कर जाचच वाटतो. पावती घेणाऱ्याला जवळच स्वच्छ शौचालय व पाण्याची टाकी दिसली, तर तो कुरकुरणार नाही.

देवाच्या द्रव्याला गावकामासाठी हात लावू नये, असे कित्येक सज्जन म्हणतात. २०१८ मध्ये साई संस्थानाने निळवंडे कालव्यांसाठी ५०० कोटी रुपये बिनव्याजी देण्याचे ठरविले तेव्हाही पुष्कळ वाद झाला. त्यांची भीती निराधार नाही. देवाच्या नावाचा पैसा भलत्या वाटेने जाऊ नये, ही जागरूकता हवीच. परंतु तहानलेल्यास पाणी देणे ही भलती वाट नव्हे, ते पूर्तकर्म होय. मात्र हे दान उघड हिशेबाने, ठरलेल्या प्रमाणात व्हावे, कोणाच्या मर्जीने नव्हे.

या हिशेबाचा धडा घेण्यास दूर जावयास नको. याच जिल्ह्यातील हिवरे बाजारची ग्रामसभा पाऊस मोजते, पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून कोणते पीक घ्यावयाचे ते ठरवते. जे गाव शेतीसाठी करते ते तीर्थक्षेत्राने यात्रेसाठी का करू नये? प्रत्येक उत्सवापूर्वी ग्रामसभेपुढे मांडावे की पाणी किती आहे, माणसे किती येतील, केर कोठे जाईल, स्थानिक विक्रेत्यांस जागा कोठे. उत्सवानंतर जमा-खर्च मंदिराच्याच भिंतीवर लावावा. आणि न्यासांच्या उत्पन्नाचा निश्चित अंश पाणी व स्वच्छता यांसाठी कायम राखून ठेवावा. एवढे झाले तरी पुष्कळ झाले.

आमच्या जिल्ह्यास २०२४ मध्ये ज्या पुण्यश्लोक मातेचे नाव मिळाले, ती अहिल्यादेवी १७२५ मध्ये याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातील चौंडी येथे जन्मली. तिने सिद्धटेकला मंदिर उभारले, काशीविश्वनाथाचे देवालय पुन्हा उभे केले. पण त्याबरोबरच देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा व अन्नछत्रेही उभी केली. देवदर्शनास जाणाऱ्याच्या पायांची, पोटाची व तहानेची चिंता तिने देवळाच्या कळसाइतकीच वाहिली. तिचे नाव फलकावर लिहिणे सोपे आहे. तिची रीत कारभारात उतरविणे हेच खरे स्मरण होय.

यात्रेकरूंसही एक विनंती. क्षेत्रात गेल्यावर हार घ्या तो भाव विचारून घ्या, पाणी घ्या ते जपून घ्या, एक रात्र मुक्काम करा, आणि आपला केर आपल्याबरोबर परत न्या. ज्या गावाने आपणास देव दाखविला त्या गावाचे ऋण मागे ठेवून निघू नये. हे ऋण फेडण्याची सद्बुद्धी भाविकांस, विश्वस्तांस आणि कारभाऱ्यांस प्रभू रामचंद्र देवो, हीच आजच्या मंगलदिनी त्याच्या चरणी प्रार्थना.