बॅटरी कोणाची, हमी कोणाची?

पेणच्या कारखान्यातून रंगून बाहेर पडलेल्या दोन गणेशमूर्ती शेजारी शेजारी ठेवल्या, तर शाडूची कोणती आणि प्लास्टरची कोणती हे नवख्या गिऱ्हाइकास सांगता येत नाही. जाणकार मूर्ती उचलून वजनावरून ओळखतो. बाकीच्यांना ते विसर्जनाच्या दिवशी पाणी सांगते. त्याच गावातील हार्डवेअरच्या दुकानात सुतार, फॅब्रिकेटर आणि वायरमन यांच्यापुढे आज हेच कोडे निराळ्या रूपाने उभे आहे. बिनवायरच्या ड्रिल मशीनची बॅटरी निकामी झाली, तर नवी 'कंपनीची' घ्यावी, की तिच्याहून पुष्कळ स्वस्त मिळणारी 'लोकल'?

प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल, पण तो तसा नाही. महामार्गालगत उठणाऱ्या इमारतींत कायमची वीजजोडणी येण्यापूर्वीच चौकटी-खिडक्यांची कामे सुरू होतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, त्यानंतर जिल्ह्यातील कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती आणि उडालेले पत्रे मात्र पावसापूर्वी बसवायचे होते. अशा कामांत बॅटरी हे कारागिराचे भांडवल असते, आणि तेही मशीनच्या कितीतरी आधी झिजणारे भांडवल.

या भांडवलाच्या पोटात काय असते? अठरा व्होल्टच्या बॅटरीत प्रत्येकी ३.६ व्होल्टचे पाच लिथियम-आयन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. (याच पाच सेलांची पूर्ण भरलेल्या अवस्थेतील बेरीज करून डब्यावर '२० व्होल्ट मॅक्स' छापले जाते, आकडा वाढतो, ताकद नव्हे.) पाच अँपिअर-तासांसाठी सामान्यतः अशा दोन रांगा, म्हणजे दहा सेल लागतात. १८ मिलिमीटर व्यासाच्या व ६५ मिलिमीटर लांबीच्या प्रचलित सेलाची क्षमता साडेतीन अँपिअर-तासांच्या फारशी पुढे जात नाही. म्हणून अशा दहा सेलांच्या बॅटरीवर '९ अँपिअर' असे छापलेले असेल, तर ते रसायनशास्त्राला मान्य होणारे नाही. शिवाय अशा एका सेलाचे वजन ४५ ग्रॅमच्या आसपास असते. तेव्हा डबा मोठा आणि वजन किरकोळ असेल तर आत काय कमी आहे हे उघड आहे. सेलांइतकेच महत्त्व त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटला. स्वस्ताईसाठी तेथे काटकसर झाली, तर एखादा दुबळा सेल प्रमाणाबाहेर भरला जातो, तापतो आणि क्वचित पेटही घेतो.

आता हिशेब. समजा, कंपनीची बॅटरी सहा हजार रुपयांची आहे आणि ती सहाशे वेळा भरून वापरता येते. म्हणजे दर खेपेस दहा रुपये पडले. दोन हजारांची लोकल बॅटरी दीडशे खेपांत संपली तर दर खेपेस तेरा रुपयांहून अधिक पडले, आणि कारागीर स्वस्ताच्या नादात बुडाला. परंतु तीच बॅटरी तीनशे खेपा चालली, तर खर्च सात रुपयांच्या आत येतो आणि शहाणा तोच ठरतो. सारा निर्णय ज्या एका आकड्यावर अवलंबून आहे, तो आकडा डब्यावर कोठेच नाही. 'स्वस्तात घेऊन फसला' अशी कारागिराची टिंगल करणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. रोजच्या कमाईवर चालणाऱ्या माणसाजवळ सहा हजार एकरकमी नसतात, हे तर आणखी निराळे.

अर्थशास्त्राला ही अवस्था परिचित आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की मालाचा कस विक्रेत्यालाच ठाऊक असेल आणि ग्राहकाला नसेल, तर ग्राहक सरासरी भाव देऊ करतो आणि चांगला माल बाजारातून हटतो. लोकल बॅटरीच्या बाजारात प्रामाणिकपणे चांगले सेल घालणारा छोटा उत्पादक आहे, आणि जुन्या बॅटऱ्यांतील सेल नव्या वेष्टनात भरणाराही आहे. दोघांचा माल एकाच खुंटीवर टांगला जातो. पहिला फार काळ टिकेल कसा?

म्हणूनच 'लोकल' आणि 'बनावट' यांतील भेद पुसला जाता कामा नये. दुसऱ्या कंपनीचे नाव आपल्या मालावर छापणे हा गुन्हा आहे. पण 'अमुक मशीनला बसणारी' असे प्रामाणिकपणे लिहिणे हा गुन्हा नव्हे. ट्रेड मार्क कायदा, १९९९ च्या कलम ३० मध्ये त्याला वाव आहे. मोठ्या कंपन्यांचा प्रचार मात्र दोघांना एकाच पंगतीत बसवतो, आणि त्यामागे केवळ सुरक्षिततेची काळजी आहे असे मानणे भाबडेपणाचे होईल. प्रत्येक कंपनीची खाच निराळी असते. एकदा मशीन घेतले की गिऱ्हाईक बांधले गेले. ही अपरिहार्यता मुळीच नव्हे. जर्मनीतील मेटाबो कंपनीच्या पुढाकाराने २०१८ मध्ये अनेक उत्पादकांनी एकच अठरा व्होल्टची बॅटरी मान्य केली. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमावलीने तर जुळणारी दुसरी बॅटरी बसवण्यात संगणकीय आज्ञावलीने अडथळा आणण्यास मनाई केली असून, त्यासाठी फेब्रुवारी २०२७ ही तारीख ठरवली. आपल्याकडे २०२२ साली केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे व वाहने ही क्षेत्रे तिच्यापुढे होती. सुताराच्या हत्याराला त्यांत स्वतंत्र स्थान मिळाले नाही.

लिथियम बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे आणि नोंदणी क्रमांक ब्यूरोच्या मोबाइल अ‍ॅपवर तपासता येतो. हे ग्राहकाने अवश्य करावे. तथापि ती कसोटी मुख्यतः सुरक्षिततेची. बॅटरी किती काळ चालेल हे ती सांगत नाही. निकामी बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादक व आयातदारांवर टाकली आहे; पण ज्या डब्यावर पत्ताच नाही, त्याची बॅटरी भंगारवाल्याखेरीज कोण घेणार?

वस्तुतः क्षमतेची चाचणी अवघड नाही. पाच अँपिअर-तासांची बॅटरी पाच अँपिअरच्या भारावर सुमारे तासभर चालली पाहिजे. ती पस्तीस मिनिटांत संपली तर छापील आकडा खोटा. एवढ्यासाठी लागणारे उपकरण कोणत्याही औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या आवाक्यातले आहे. रायगडातील अशा संस्थांनी नाममात्र शुल्क घेऊन ही तपासणी सुरू करावी आणि निकाल उत्पादकाच्या नावासह फलकावर लावावेत. गिऱ्हाईक निकालाचा कागद घेऊन परत आले, की पेण-रोह्याचे दुकानदारच घाऊक व्यापाऱ्याकडे उत्तर मागू लागतील. गणपतीचा हंगाम आटोपला की दिवाळीपूर्वीच्या फर्निचरची कामे निघतात आणि बॅटऱ्यांची खरेदी वाढते. आरंभ करायचा तर त्या आधी व्हावा.