साथीच्या भाकितातला ‘जर’

मराठी व्याकरणात संकेतार्थाला वेगळे स्थान आहे. ‘पाऊस पडला, तर पीक येईल’ या वाक्यात पिकाची हमी नाही, पावसाची अट आहे. साथरोगशास्त्रातील भाकिते याच अर्थाची असतात. आपण मात्र ती साधा भविष्यकाळ समजून वाचतो. एच.आय.व्ही.च्या बाबतीत या वाचनाची किंमत मोठी पडली, असे आमचे मत आहे.

२००२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय गुप्तवार्ता परिषदेने २०१०पर्यंत भारतात दोन ते अडीच कोटी लोक बाधित होतील, असा अंदाज वर्तवला. तसे झाले नाही. उलट २००७मध्ये बाधितांचा सरकारी अंदाजच सुमारे ५२ लाखांवरून २५ लाखांवर आला. एवढे लोक एका रात्रीत बरे झाले नव्हते. माप बदलले होते. आधीचा हिशेब मुख्यतः सरकारी रुग्णालयांत येणाऱ्या गरोदर स्त्रिया आणि गुप्तरोगाचे रुग्ण यांच्या रक्ततपासणीवर उभा होता. २००५-०६च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने घरोघरी जाऊन एक लाखाहून अधिक लोकांचे रक्त तपासले. अर्थात घराबाहेर असणारा ट्रकचालक अशा सर्वेक्षणातून निसटतो. प्रत्येक मापाची स्वतःची आंधळी बाजू असते.

मालेगावकडे पाहू. यंत्रमागांचे हे शहर मुंबई-आग्रा महामार्गावर वसले आहे. प्रतिमानांच्या नकाशावर महामार्ग, ट्रकचालक, स्थलांतरित मजूर ही जोखमीची चिन्हे. अट वगळून हा नकाशा वाचला, की मागावर उभा असलेला मजूर हाच रोग ठरतो. त्या सर्वेक्षणातील महाराष्ट्राचा आकडा तर साऱ्या राज्याचा होता. एकट्या मालेगावचे सत्य त्यातून निघत नाही. २०२०मध्ये करोनाच्या साथीत हेच शहर एप्रिल-मेमध्ये राज्यभर भीतीचा विषय झाले, आणि जूनमध्ये तिथला संसर्ग ओसरला. भीतीने शहराला चिकटवलेले नाव मात्र आकड्यांइतक्या लवकर उतरत नाही.

मग २००२चे भाकीत निव्वळ खोटे होते काय? पायाचा आकडा फुगलेला होता आणि आफ्रिकेतील साथीचा साचा भारताला लागू पडेल हे गृहीतही चुकले, हे खरे. पण ‘जर काहीच केले नाही’ ही अटही मोडली होती. सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेतील स्त्रियांनी आपल्याच वस्त्यांत निरोधाचा आग्रह धरला. १ एप्रिल २००४पासून सरकारने विषाणूरोधक औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला. ‘उगाच घाबरवले’ असे म्हणणारा या साऱ्यांचे श्रम पुसून टाकतो, आणि पुढच्या निधीला कात्री लावण्याचे निमित्तही पुरवतो.

आजही देशात सुमारे २५ लाख लोक एच.आय.व्ही.सह जगत आहेत. आकडा २००७चाच, अर्थ निराळा. नवी लागण घटली आहे, आणि औषधांमुळे माणसे जगत आहेत. तोच शब्द दुसऱ्या संदर्भात वेगळा अर्थ देतो, हे साहित्याच्या वर्गात आपण रोज शिकवतो. आकड्यालाही तोच न्याय लावावा: मोजले कोणी, कोणाला वगळले आणि ‘जर’ कोठे गेला, हे विचारावे. ज्या माणसांनी तो ‘जर’ बदलला, त्यांची नोंद कोणत्याही भाकितात नसते. ती वाचकालाच ठेवावी लागते.