ट्रॅक्टर आमचा, मग किल्ली लॅपटॉपमध्ये का?

उमरगा आणि लोहारा तालुक्यांतील ट्रॅक्टरमालक, चालक, मिस्त्री आणि भाड्याच्या ट्रॅक्टरवर शेती करणाऱ्या सर्व भावाबहिणींनो,

यंदा मृगात काय झाले ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. पाऊस पडला, उघडीप मिळाली, काळ्या रानाला वापसा आला. पेरणीयंत्र जोडून ट्रॅक्टर रानात गेला. डॅशबोर्डवर दिवा लागला, आरपीएम वाढेना, पिकअप तुटला आणि तास अर्ध्यात थांबला. टाकीत डिझेल होते. इंजिनात बिघाड नव्हता. एकही पार्ट मोडला नव्हता. शोरूमला फोन लावला तर उत्तर आले, "डीपीएफ चोक झालाय, रिजन मारावं लागेल. लॅपटॉप सोलापूरकडं गेलाय, इंजिनिअर परवा येतील." परवाच्या आत पुन्हा पाऊस आला आणि वापसा गेला. मग इंजिनिअर आले, तार जोडली, बटण दाबले आणि तासाभराच्या आत ट्रॅक्टर पहिल्यासारखा ओढू लागला.

तासाभराच्या कामासाठी एका घराची पेरणी लांबली. मळणीत हडंब्यावर हेच होते, उसाच्या वाहतुकीत हेच होते. या पत्रकाचा रोख एकाच गोष्टीवर आहे : ट्रॅक्टर विकायचा, पैसे पुरते घ्यायचे आणि दुरुस्तीची किल्ली मात्र स्वतःच्या लॅपटॉपमध्ये कुलूपबंद ठेवायची, ही पद्धत. विहीर विकायची आणि मोटेचा नाडा स्वतःकडे ठेवायचा, असला हा व्यवहार आहे.

आमचे भांडण फिल्टरशी नाही

आम्हाला काळा धूर हवा आहे, असे कोणी म्हणू नये. त्या धुरात दिवसभर बसतो तो आपला चालक. हडंब्याजवळ उभ्या राहतात त्या आपल्या घरच्या बाया. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्येच स्पष्ट सांगितले आहे. धूर कमी झालाच पाहिजे.

५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हा धुराचा नियम लागू झाला. कॉमन रेल आली, सेन्सर आले आणि अनेक मॉडेलांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफही आला. पुढचा नियम ट्रेम-५. तो आधी एप्रिल २०२४ ला ठरला होता, मग एप्रिल २०२६ वर ढकलला. तारीख आणखी कितीही सरकली तरी दिशा ठरलेली आहे. २५ एचपीच्या वरच्या लहान इंजिनांना आजवर दर किलोवॉट-तासाला ०.६ ग्रॅम काजळीची मुभा होती. ट्रेम-५ मध्ये ती ०.०१५ ग्रॅमवर येते, म्हणजे चाळीसाव्या हिश्शावर. एवढी काजळी फिल्टरशिवाय रोखणे अवघड आहे. म्हणून आज जे मोठ्या ट्रॅक्टरवाल्याच्या रानात घडते, ते उद्या द्राक्षबागेतल्या आणि दहा एकरवाल्याच्या लहान ट्रॅक्टरवर घडणार. ज्याच्याकडे आज जुना ट्रॅक्टर आहे, त्यानेही हे पत्रक शेवटपर्यंत वाचावे.

फिल्टर काय मागतो?

डीपीएफ म्हणजे चिनी मातीसारख्या पदार्थाची, जाळीदार, बारीक नळ्यांची नळकांडी. धूर तिच्या भिंतींतून गाळला जाऊन बाहेर पडतो आणि काजळी आत अडकते. अडकलेली काजळी आतल्या आत जाळून टाकणे म्हणजे रिजन. नांगरट करताना, रोटा मारताना इंजिनावर पुरा भार असतो, धूर कडक तापतो आणि बरीच काजळी आपोआप जळत राहते. भार कमी असला की तेवढी उष्णता मिळत नाही. मग इंजिन जादा डिझेल सोडून फिल्टर ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवते. तेही अर्धवट राहिले तर दिवा लागतो. त्या वेळी ट्रॅक्टर उभा करून चालकाला बटण दाबून रिजन करता येते. ती वेळही टळली की बटण चालत नाही, ट्रॅक्टरची ताकद कापली जाते आणि शोरूमचा लॅपटॉप लागतो.

आता आपल्या कामाकडे बघा. फवारणीचा भार हलका. गावातून रानात रिकामी ट्रॉली नेण्याचा भार हलका. गाळप हंगामात तर कारखान्याच्या यार्डात रात्रभर रांग असते : पुढची गाडी सरकली की इंजिन चालू, दहा फूट पुढे, इंजिन बंद. इंजिन कधी तापतच नाही. रिजन सुरू झाले तरी मध्येच तुटते. पहाटेपर्यंत फिल्टरमध्ये नुसती काजळी साठते आणि काट्यावरून परतताना दिवा लागतो. यात चालकाचा गुन्हा काय? ज्याने हे यंत्र उसाच्या पट्ट्यात विकले, त्याला यार्डातली रांग ठाऊक नव्हती काय?

आणखी एक गोष्ट विकताना कोणी सांगत नाही. उभ्याने रिजन चालू असताना जवळचा वाळका पाला पेट घेईल इतका सायलेन्सर तापतो. पाचटावर, कडब्याच्या गंजीजवळ, सोयाबीनच्या भुसकटाच्या ढिगाशेजारी ट्रॅक्टर उभा करून बटण दाबले तर खळे जळेल. हे सांगायला दोन मिनिटे लागतात. शोरूममध्ये नारळ फोडायला, हार घालायला, फोटो काढायला वेळ असतो. या दोन मिनिटांना वेळ नसतो!

दर वेळी ऐकावी लागणारी उत्तरे

"तुमचा ड्रायव्हर अडाणी आहे, दिव्याकडं बघत नाही." हे वाक्य आम्ही यापुढे ऐकून घेणार नाही. हा ड्रायव्हर उताराच्या रानात भरलेल्या दोन ट्रॉल्या सांभाळतो, आवाजावरून बेअरिंग ओळखतो. त्याला दिव्याचा अर्थ त्याच्या भाषेत कोणी सांगितला? पडद्यावर कोड येतो. पुस्तिका उघडली की त्या कोडासमोर बहुतेक वेळा एकच ओळ असते : डीलरशी संपर्क साधा. जे शिकवलेच नाही त्यावरून माणसाला अडाणी ठरवणे हा उद्धटपणा आहे.

"काजळी फार साठल्यावर रिजन केलं तर फिल्टर तडकतो, म्हणून कुलूप ठेवलंय." यात तथ्य आहे, ते आम्ही मानतो. भरमसाट साठलेली काजळी एकदम पेटली तर आतली जाळी फुटू शकते. तिथे जाणकार माणूस पाहिजे, हे कबूल. पण जाणकार माणूस शोरूमच्याच पगारावर असला पाहिजे, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? हायवेच्या कडेला गॅरेज टाकून वीस-वीस वर्षे पंप आणि गिअरबॉक्स उघडणाऱ्या आपल्या मिस्त्र्यांना चार दिवस शिकवा, परीक्षा घ्या, प्रमाणपत्र द्या आणि साधन विकत द्या. कारमधले कोड वाचायचे यंत्र आज बाजारात कोणालाही मिळते. ट्रॅक्टरच्या बाबतीतच ते गुपित का? सुरक्षितता हे कारण एका दिव्यापुरते खरे आहे. त्याच्या आडून साधा सेन्सर बदलल्यावर कोड पुसायलाही लॅपटॉपच लागावा, ही सुरक्षितता नाही. ही गिऱ्हाईक बांधून ठेवण्याची युक्ती आहे.

"तुमच्या मिस्त्र्यांच्या हातात दिलं तर ते फिल्टरच काढून टाकतील." फिल्टर काढणे बेकायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेली रचना अशी बदलता येत नाही, आणि कोणी काढू नये, असे आम्हीही सांगतो. पण माणूस त्या थराला का जातो? कायदेशीर दुरुस्ती परवावर आणि बेकायदा दुरुस्ती तासावर असली, तर पेरणीच्या दिवशी माणूस कुठे वळणार? फिल्टर वाचवायचा असेल तर त्याची दुरुस्ती गावाजवळ आणा. कुलूप जितके घट्ट, तितके फिल्टर जास्त निघणार आणि धूर पुन्हा आपल्याच नाकात जाणार.

"बाहेर हात लावला तर वॉरंटी गेली." हे वाक्य सर्वांत चीड आणते. काम तुम्ही वेळेवर करायचे नाही आणि दुसऱ्याने केले तर शिक्षा आम्हाला. ज्या सेवेचा लॅपटॉप सुमारे शंभर किलोमीटरवर आणि माणूस परवा, ती सेवा देण्याचा हक्क एकट्याकडे ठेवणे म्हणजे अडवणूक आहे.

सरकारचे कागद काय सांगतात?

आमची मागणी जगावेगळी नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण हेच : सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या मिस्त्र्यांना न देणे. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण साधने खुली करावीत हे तत्त्व या देशात तेव्हाच मांडले गेले. कारवाल्याला लागू पडते ते ट्रॅक्टरवाल्याला का नाही?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे तिच्या यादीत पहिल्याच रांगेत होती. २४ डिसेंबर २०२२ ला त्यासाठी पोर्टलही सुरू झाले. पुढे २०२५ मध्ये दुरुस्ती-निर्देशांकाचा अहवाल आला, तो मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा! मोबाइल बंद पडला तर फोन लागत नाही. ट्रॅक्टर बंद पडला तर वर्षाचे पीक जाते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेती यंत्रांच्या दुरुस्तीचा कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून कंपन्यांना सुटे भाग, साधने, सॉफ्टवेअर आणि माहिती शेतकऱ्याला व स्वतंत्र मिस्त्र्याला देणे भाग पाडले. हजार-हजार एकरवाल्या तिथल्या शेतकऱ्याला जर या कुलपाचा काच होतो, तर कर्ज काढून एकच ट्रॅक्टर घेणाऱ्या आपल्या माणसाचे काय होत असेल?

आमच्या मागण्या

१. उभ्याने रिजन कसे करायचे, कुठे करायचे आणि कुठे करू नये, हे ट्रॅक्टर ताब्यात देताना चालकाला प्रत्यक्ष करून दाखवावे. त्याची मराठी पत्रिका ट्रॅक्टरवर चिकटवावी.

२. प्रत्येक कोडाचा अर्थ मराठीत छापून द्यावा.

३. कोड वाचण्याचे, पुसण्याचे आणि रिजन करण्याचे साधन प्रशिक्षित स्थानिक मिस्त्र्यांना वाजवी किमतीत विकावे.

४. पेरणी, मळणी आणि गाळपाच्या हंगामात शोरूमचा लॅपटॉप तालुक्यातच ठेवावा. चोवीस तासांत काम झाले नाही तर भरपाई द्यावी.

५. रिजनने काजळी जळते, पण ऑइलची राख फिल्टरमध्येच राहते. ती काढण्याची सोय जिल्ह्यात करावी.

६. प्रशिक्षित स्थानिक मिस्त्र्याने काम केले म्हणून वॉरंटी नाकारू नये.

आपण काय करायचे?

फिल्टरवाल्या इंजिनात कमी राखेचे, पुस्तिकेत सांगितलेलेच ऑइल टाका. स्वस्तातल्या डब्याने फिल्टर लवकर भरतो. दिवा लागला की त्याच दिवशी मोकळ्या जागेत रिजन पुरे करा, मध्ये इंजिन बंद करू नका. दिवा कधी लागला, फोन कधी केला, माणूस कधी आला, हे वहीत लिहून ठेवा आणि जॉबकार्डची प्रत मागून घ्या. स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेला ट्रॅक्टर असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही ग्राहक आहात. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. एकट्याची तक्रार फाइलमध्ये पडून राहते, म्हणून गावातल्या सर्वांच्या नोंदी एकत्र करा आणि पुढच्या ग्रामसभेत या सहा मागण्यांचा ठराव घेऊन तहसील कार्यालयात द्या.

आणि नवा ट्रॅक्टर घ्यायला जाल तेव्हा एचपी आणि हप्ता विचारण्याआधी हे विचारा : रिजनचे बटण कुठे आहे? ते चालले नाही तर लॅपटॉप कोणत्या गावात आहे? माणूस किती तासांत येईल? उत्तर तोंडी घेऊ नका, शिक्क्यासह कागदावर घ्या. जो हे लिहून देणार नाही, त्याच्याकडे सही करू नका आणि आगाऊ रक्कम देऊ नका. लेखी देणारा भेटेपर्यंत थांबा.

आपला,
उमरगा तालुक्यातील एक ट्रॅक्टरधारक शेतकरी

(वाचून झाल्यावर हे पत्रक शेजाऱ्याला द्या. गॅरेजमध्ये, सोसायटीत आणि कारखान्याच्या यार्डात लावा.)